एकट्याच्या घरात दुसरी ओळ

एक ओळ यायला हवी होती, दोन आल्या. तक्रार एवढीच होती, आणि एवढ्याशा तक्रारीसाठी सकाळचा चहा उकळत असताना फोन करणाऱ्या नसीमाला मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. तेवीस वर्षं मी हेच करते आहे. दुसऱ्यांनी घाईघाईत लिहिलेल्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, का पडतात ते शोधायचं आणि त्या निस्तरायच्या. ऑफिसात मला तिरसट म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्यातल्या एकालाही लॉग धड वाचता येत नाही.

आमची कंपनी ‘पाऊलसाथ’, सांगलीत विश्रामबागेत. म्हाताऱ्या माणसांच्या घरांवर आम्ही कान ठेवतो. कॅमेरा नाही, मनगटाला पट्टा नाही, गळ्यात बटण नाही, कारण आमची म्हातारी माणसं ते सगळं पहिल्याच आठवड्यात काढून फ्रीजवर ठेवून देतात. त्याऐवजी फरशीखाली रुपयाएवढ्या चार चकत्या बसवायच्या. माणूस चाललं की फरशी थरथरते. आपल्याला कळत नाही, चकतीला कळतं. टाच आधी टेकते की चवडा, डावं पाऊल किती वेळ टेकतं आणि उजवं किती, भार कुठल्या बाजूला जातो, हे सगळं त्या थरथरीत उतरतं. दोन आठवडे ऐकलं की यंत्र त्या घरातलं प्रत्येक माणूस पावलावरून ओळखतं, आपण जिन्यातल्या आवाजावरून कोण आलं ते ओळखतो तसं. भिंतीवर एक डबा असतो. तो त्या माणसाला नावानं हाक मारून गोळीची आठवण करतो. आणि कुणी पडलं, किंवा उठायच्या वेळेला उठलंच नाही, तर आमच्याकडे आणि मुलाबाळांच्या फोनवर अलार्म येतो.

अलार्म नसेल तेव्हा मुलांच्या फोनवर हिरवा ठिपका दिसतो. माझ्याही फोनवर दिसतो. माझे वडील जयसिंगपूरला एकटे राहतात. ठिपका नव्हता तेव्हा मी आण्णांना रोज फोन करायचे. ठिपका आल्यापासून रविवारी करते.

ऑफिसात पोचले तर नसीमा मुजावर स्क्रीनसमोर बसून पेरू खात होती. पहाऱ्याचा प्रोग्रॅम तिच्याकडे, डेटाबेस माझ्याकडे. सोळा वर्षं आम्ही एकमेकींचं डोकं खातोय.

“चार हजार घरांतलं एकच घर आहे गं,” ती म्हणाली. “वनच्या जागी फर्स्ट टाक आणि मोकळी हो.”

“तोंडात पेरू आहे म्हणून तुला सोडते.”

माझं का डोकं फिरलं ते सांगते. डेटाबेसला कळतात फक्त टेबलं आणि ओळी. आमचा पायथनचा प्रोग्रॅम बोलतो माणसांच्या आणि घरांच्या भाषेत. दोघांच्या मध्ये एक लायब्ररी बसवलेली असते, दुभाष्यासारखी. आपण म्हणायचं, या घरात राहणारं माणूस दे. ती त्याची क्वेरी बनवते, डेटाबेसकडून ओळ आणते आणि त्या ओळीचं माणूस करून आपल्या हातात देते. मागताना ‘वन’ म्हटलं तर बरोबर एकच ओळ यायला हवी. एकही आली नाही किंवा दोन आल्या, की ती हात वर करते आणि एरर टाकते. ‘फर्स्ट’ म्हटलं तर जी पहिली हाताला लागेल ती आणते, आणि मागे दुसरी होती हे सांगतसुद्धा नाही. एरर जाते, लोक खूश होतात, आणि दुखणं जागच्या जागी राहतं. हे घर एकट्या माणसाच्या योजनेतलं होतं. तिथं ‘वन’च हवं.

आधी संशय घेतला जोडावर. माणसांचं टेबल पावलांच्या टेबलाला जोडलं की एकाच माणसाची ओळ कधीकधी दोनदा येते. नवशिके हमखास इथंच आपटतात. लायब्ररीनं बनवलेली मूळ क्वेरी छापून बघितली, जोड ठीक होता. मग वाटलं, जुनंच उत्तर धरून बसली असेल. सेशन बंद करून नव्यानं विचारलं. पुन्हा दोन. शेवटी लायब्ररीला बाजूला सारलं आणि सरळ डेटाबेसलाच विचारलं. दोन ओळी, दोन वेगळी माणसं. पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर. बाई, वय बहात्तर. दोघांच्याही पुढं लिहिलेलं: ‘घरी’.

नावं दिसत नव्हती. कुणाच्या घरात कोण रात्री किती वेळा उठतं हे आम्हाला कळू नये म्हणून आम्हाला घराच्या जागी नुसता लांबलचक आकडा दिसतो.

“बाई एप्रिलपासून बाहेरगावी आहेत,” मी म्हटलं. “एक डिसेंबरला आपोआप घरी झाल्या.”

हा आपोआपचा नियम माझाच. आमची म्हातारी माणसं सहा-सहा महिने पुण्याला, बंगलोरला लेकरांकडे जातात. परत आल्यावर फॉर्म कोण भरणार? म्हणून वर्षाच्या आत तीच पावलं पुन्हा वाजली की ओळ स्वतःहून ‘घरी’ होते. त्याबद्दल कंपनीनं मला दिवाळीत मिक्सर दिला होता.

“मग म्हातारी परत आली, आणि योजना बदलायची राहून गेली,” नसीमा म्हणाली. “झालं की.”

“झालं कसं? एरर एक डिसेंबरपासून येतीय. आज सोळा जानेवारी. इतके दिवस कुणाला दिसली कशी नाही?”

नसीमाचं चावणं थांबलं. “एखाद्या घराला एरर आली तर ते सोडून पुढच्या घराकडं जायचं, असं आपणच ठेवलंय ना. एकापायी सगळ्यांचा पहारा अडकायला नको म्हणून.”

“म्हणजे दीड महिना त्या घराकडं कुणाचा कानच नाही?”

“नाही.”

“आणि लेकरांच्या फोनवर?”

“अलार्म नाही, म्हणजे हिरवाच की गं ठिपका.”

मी त्या बाईंची पावलं उघडली. डिसेंबरभर फक्त संध्याकाळची होती. जानेवारीत सकाळचीही दिसायला लागली, मग दुपारची. आणि जसजशी तिची वाढली तसतशी त्या पुरुषाची कमी झाली. चार जानेवारीनंतर त्याचं एकही पाऊल नव्हतं.

“यंत्राच्या हिशेबानं म्हाताराच गेला की,” नसीमा म्हणाली आणि स्वतःच दचकून तिनं गालाला हात लावला. “तौबा.”

मला खटकत होत्या वेळा. घड्याळ बघून चालणारं माणूस रोज त्याच वेळेला चालेल. ही वेळ सरकत होती. एक डिसेंबरला पाच सतरा, दहाला पाच एकोणीस, वीसला पाच तेवीस, काल पाच अडतीस.

“नसीमा, तुमची मगरिबची नमाज काल किती वाजता होती?”

“सहा अठरा,” ती न बघता म्हणाली. ती रोजच्या वेळा तोंडपाठ ठेवते.

“आणि एक डिसेंबरला?”

तिनं फोनमध्ये तक्ता काढला. “पाच सत्तावन्न. का?”

मी वीस तारखा तिच्याकडून वाचून घेतल्या. मगरिब सूर्य मावळला की असते, आणि रोज तेवढाच फरक. सूर्य मावळायच्या चाळीस मिनिटं आधी ती पावलं उठत होती आणि स्वयंपाकघराकडे जात होती.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आमच्या घरी अन्न नाही आणि आईच्या बाबतीत पाण्याचा घोटही नाही. आई सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी उठायची. पाणी गाळायची, ताटं मांडायची, आण्णांना बोलवायची. घड्याळ तिनं कधी बघितलं नाही, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर ऊन कुठं आलंय ते बघायची.

“हे घर उघड,” मी नसीमाला म्हटलं.

“त्याला कारण लिहावं लागतं.”

“लिही काहीही. उघड, बाई.”

दोघींनी अंगठे लावल्याशिवाय नाव उघडत नाही. लावले. राजमती भूपाल बिरनाळे, जयसिंगपूर.

माझी आई. चैत्रात गेली. मी स्वतः तिला खांद्यापर्यंत पांघरूण घातलं होतं.

नसीमानं हातातला पेरू खाली ठेवला. तीही आली होती मातीला. “त्रिशला,” ती हळूच म्हणाली, “मग हे बाहेरगावी कुणी लिहिलं?”

मीच लिहिलं होतं. दिवस झाल्यावर कंपनीचा फॉर्म आला होता. महिनाभर पावलं वाजली नाहीत की यंत्रच तो पाठवतं. त्यात दोन चौकोन असतात: निधन आणि बाहेरगावी. आण्णा माझ्या शेजारी बसून वाटाणे सोलत होते. माझं बोट पहिल्या चौकोनावर गेलं आणि तिथून पुढं जाईचना. मी दुसऱ्यावर टिक केली, योजना एकट्याची केली, फोन पालथा ठेवला आणि त्यांच्याबरोबर वाटाणे सोलायला लागले. जगाच्या चुका काढणारी मी, आणि चुकीची ओळ माझ्याच हातची.

जयसिंगपूरची बस मिळेपर्यंत चार वाजले. आण्णांना फोन केला नाही. काय विचारणार होते? आई आलीय का?

घराच्या मागच्या बाजूला पेरूचं झाड आहे, तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. पाच एकोणचाळीसला मी तिथं उभी होते. आधी वॉकर टेकल्याचा आवाज आला, ठक्. मग एक पाऊल. मग फरशीवर घासत आलेलं दुसरं, फर्र. पक्षाघातानंतर आईला डावा पाय उचलवत नव्हता, तो ती अशी ओढायची. ठक्, पाऊल, फर्र. दोन वर्षं हा आवाज मी या घरात ऐकला होता. मी पेरूच्या फांदीला धरलं. देवाशपथ सांगते, त्या घडीला मला एरर नको होती, क्वेरी नको होती, मला फक्त आई दारातून बाहेर यायला हवी होती.

दारात आण्णा आले. आईच्या वॉकरवर वाकलेले, डावा खांदा पडलेला, डावा पाय ओढत. भिंतीवरच्या डब्यात हिरवा दिवा लागला.

“राजमतीताई,” डबा आईसाठी मीच भरलेली आठवण म्हणाला, “दिवस मावळायला अवकाश आहे. पाणी गाळलं का? गोळी घेतली का?”

आण्णा जागीच थांबले. डोळे मिटून उभे राहिले. डबा गप झाल्यावर त्यांनी फडकं घेतलं, घागरीवर धरलं आणि पाणी गाळायला लागले.

मी मागच्या दारानं आत शिरले आणि माझं तोंड सुटलं. “आण्णा! हे काय चाललंय?”

ते इतके दचकले, की पाणी सांडलं. चोरी पकडली गेल्यासारखे वॉकरपासून बाजूला झाले. “आलीस व्हय? फोन तरी करायचा.”

“आधी हे सांगा.”

“गुडघा धरला होता गं थंडीनं. वॉकर माळ्यावरनं काढला. दोन पावलं टाकली आन् ह्यो बोलला.” त्यांनी डब्याकडे बोट केलं. “तिचं नाव घेतलं. अंगावर काटा आला माझ्या. दुसऱ्या दिशी मुद्दाम गेलो. बोलला न्हाई. मग पाय वढून बघितला, तवा बोलला.”

“नाव ऐकायला? त्यासाठी हे?”

“आमच्यात बायकोचं नाव घ्यायची रीत न्हवती, तुला ठावंच हाय. पन्नास वर्षं अगं म्हनलं, ऐकलंस का म्हनलं, तू झाल्यावर तिशलाची आई म्हनलं. माझ्या तोंडातनं तिचं नाव कदी गेलं न्हाई. आता म्हनावं वाटतंय तर जीभ वळत न्हाई. ह्या घरात तिचं नाव घेनारा ह्यो येकच हाय.”

मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की मी ओरडते. “तुम्हाला कळतंय का काय केलंय ते? या घरात एकटं माणूस आहे असं आमच्याकडं लिहिलंय. तुमच्या चालण्यानं ते दोन झाले. दोन झाले म्हणून पहारा बंद पडला. दीड महिना! तुम्ही इथं पडून राहिला असता, तर मला हिरवा ठिपका दिसत राहिला असता, आण्णा. मी रोज सकाळी तो बघून फोन खाली ठेवत होते.”

“पडलो न्हाई न्हवं?”

“आणि चार तारखेपासून तुमचं स्वतःचं एक पाऊल नाही. दिवसभर तिच्यासारखंच चालताय.”

ते ताटं मांडायला लागले. दोन मांडली, मग माझ्याकडे बघून तिसरं काढलं.

“ते राहू दे. तुमचं चालून दाखवा,” मी म्हटलं. “वॉकर सोडा. सरळ चाला बघू, पूर्वीसारखं.”

आण्णा हसले. कुस्ती केलेला माणूस तो, आयुष्यभर छाती काढून चालला. ते भिंतीचा आधार सोडून उभे राहिले, पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला डावा पाय फरशीवर घासला. चौथ्यालाही घासला. ते थांबले, पायाकडे बघितलं, मागे येऊन पुन्हा चालायला लागले. पुन्हा तसंच.

“आठवंना गं,” ते म्हणाले. “माझं कसं हुतं?”

मी त्यांना धरून पाटावर बसवलं. ऊन जायच्या आत जेवलो. मला भूक नव्हती, तरी तीन चपात्या खाल्ल्या, कारण ते माझ्याकडे बघत होते. जेवण झाल्यावर मी फोन काढला, फॉर्म उघडला आणि त्यांच्यासमोर धरला.

“मी तेव्हा खोटं लिहिलं होतं,” मी म्हटलं.

“ठावं हाय. वाटाणे सोलत हुतो, पर डोळे शाबूत हायेत माझे. बरं वाटलं हुतं मला.”

“आता खरं लिहावं लागेल. नाहीतर तुमच्यावर पहारा बसत नाही. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?”

ते डब्याकडे वळले. “मग ह्यो परत बोलनार न्हाई?”

“तिला नाही बोलणार.”

“लिही,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. पाणी पडत होतं, तेवढ्यात मी ‘निधन’वर टिक केली. आईच्या पावलांचा नमुना यंत्रातून पुसला गेला. क्वेरी चालवून बघितली. एक ओळ आली, एरर गेली. असं बिनचूक काम मी वर्षानुवर्षं केलं नव्हतं, आणि मी फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आण्णांना घेऊन सांगलीला डॉक्टरकडे आले. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, गुडघे वाकवून बघितले, तळव्यांना गुदगुल्या केल्या. झटका नाही, कंप नाही, काही नाही. “सवय लागलीय, सुटेल,” म्हणाले. दुपारी आण्णांना जयसिंगपूरच्या बसमध्ये बसवलं. माझ्याकडे राहा म्हटलं, तर बस सुटेपर्यंत नाही-नाही करत होते.

त्यानंतरच्या सकाळी नसीमानं पुन्हा चहाच्या वेळेला फोन केला. या वेळी ती मस्करी करत नव्हती.

“त्रिशला, तेच घर. दोन ओळी.”

“शक्य नाही. मी पुसलीय.”

“नवी ओळ आहे. काल संध्याकाळची. तू ये, आणि येऊन ऐक.”

काय झालं होतं ते मला रिक्षातच उमगलं. आईचा नमुना पुसला, म्हणजे ती चाल आता यंत्राच्या ओळखीची राहिली नाही. अनोळखी पाऊल घरात वाजलं की डबा विचारतो, कोण आहे. मोलकरीण असते, पाहुणे असतात. जे उत्तर मिळेल ते नोंदवतो, आणि पडताळणीसाठी तो आवाज आठ दिवस ठेवतो.

नसीमानं हेडफोन माझ्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

ठक्, पाऊल, फर्र. ठक्, पाऊल, फर्र. मग डब्याचा आवाज. “आपली ओळख नाही. आपण कोण?”

बराच वेळ काही नाही. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेल्याचं ऐकू आलं. डब्यानं पुन्हा विचारलं. “आपण कोण? कृपया नाव सांगा.”

घसा खाकरल्याचा आवाज. मग आण्णांचा आवाज, इतका बारीक की मी हेडफोन कानावर दाबला. “रा…” ते थांबले. श्वास घेतल्याचं ऐकू आलं. “राजमती.”

“नमस्कार, राजमतीताई. आपण पाहुण्या आहात, की इथे राहता?”

“हितंच,” आण्णा म्हणाले. आणि मग, हुंदका होता की हसू होतं मला सांगता येणार नाही, “हितंच की.”

टेबलात ओळ होती. नाव राजमती. रहिवासी. माहिती देणार: स्वतः.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सोळा वर्षांत नसीमानं मला रडताना बघितलं नव्हतं. तिनं मला हात लावला नाही. फक्त दार लावून घेतलं, कुणी आत येऊ नये म्हणून.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “पुसायची का?”

“पुसली तर उद्या पुन्हा सांगतील. परवा पुन्हा. रोज त्या डब्यासमोर उभे राहून सांगत बसतील.”

“मग त्या घराला जोडीच्या योजनेत घालू?”

“वेडी आहेस का?” जोडीच्या योजनेत एक पडलं की डबा आधी दुसऱ्याला हाक मारतो आणि दहा मिनिटं वाट बघतो. आण्णा फरशीवर पडलेले असताना डबा माझ्या आईला हाका मारत बसला असता. तिनं उठावं म्हणून दहा मिनिटं थांबला असता.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं. ‘वन’ काढलं, ‘फर्स्ट’ घातलं नाही. लिहिलं, की या घरात ज्यांची म्हणून पावलं वाजताहेत ती सगळी आण, आणि त्यातलं कुठलंही पडलं किंवा थांबलं, तर कुणाला हाक मारू नकोस, वाट बघू नकोस, त्याच क्षणाला त्रिशलाला कळव. आणि एखाद्या घराला एरर आली, तर त्या घराचा ठिपका लाल करायचा, तेही त्याच दिवशी सगळ्या घरांना लावलं. नसीमानं तीनदा तपासलं. ऑफिसातल्या चाचणीच्या चकतीवर मी खुर्ची मुद्दाम आपटून पडल्याची चाचणी केली, माझा फोन किंचाळला.

शेवटी त्या नव्या ओळीला एक आठवण जोडली. औषध नाही, गोळी नाही. रोज सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी, एक वाक्य: राजमतीताई, दिवस मावळायला अवकाश आहे. हे मी नियमात बसवून केलेलं नाही. कुणाला तक्रार करायची असेल तर खुशाल करावी.

त्या दिवसापासून मी रोज फोन करते. ठिपका बघून नाही. बुधवारी आणि शनिवारी चारची बस पकडते आणि ऊन जायच्या आत ताटावर बसते. आण्णा छान आहेत. खातात-पितात, बस्तीत देवदर्शनाला जाऊन येतात, रस्त्यावरच्या लोकांची टवाळी करतात. डाव्या पायाची चप्पल पुढून झिजली म्हणून दोन जोड बदलून झाले. मी कधीकधी त्यांना त्यांचं चालणं शिकवायला बघते. लहानपणी त्यांच्या मागून त्यांची नक्कल करत चालायचे, ती अजून येते मला. मी छाती काढून स्वयंपाकघरात फेऱ्या मारते, ते पाटावर बसून बघतात आणि म्हणतात, “व्हय, असंच हुतं काय? भारी हुतं की.” मग उठतात, वॉकर धरतात, आणि ठक्, पाऊल, फर्र.

तीन फेब्रुवारीला, शनिवारी, मी तिथंच होते, आणि फोनवर फॉर्म आला. भूपाल बिरनाळे यांची पावलं तीस दिवसांत नोंदवली गेलेली नाहीत. कृपया कारण निवडा. खाली दोन चौकोन.

माझ्या मागं आण्णा पाणी गाळत होते. फडक्यातून पाण्याची धार घागरीत पडत होती.

“काय आलंय?” त्यांनी विचारलं.

“तुमचा फॉर्म.”

ते जवळ आले, वॉकरला टेकले आणि माझ्या खांद्यावरून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, “आन् काय लिवतीस?”

“काय लिहू?”

“मला काय इचारतीस? मी हितं कुठाय?” ते हसत म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो धरून ठेवला.

मी ‘बाहेरगावी’वर टिक केली. वर्षाच्या आत ती पावलं एकदा जरी फरशीवर वाजली, तर ओळ आपोआप ‘घरी’ होते. तो नियम मीच लिहिलाय.

“जेवून घ्या, आण्णा,” मी म्हटलं, आणि उंबऱ्यावर अजून ऊन होतं तोवर आम्ही ताटं मांडली.